पेन्शन चालू ठेवून शिकता येतं का? (ऑस्ट्रेलिया, सेंटरलिंक)

टारनीटची_चिमणी

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मेलबर्नच्या पश्चिमेला राहते. लेक नऊ वर्षांची. पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) मिळाली, त्यानंतर दीड वर्षाने नवऱ्यापासून वेगळी झाले. सध्या सेंटरलिंककडून (इथलं सरकारी भत्त्यांचं खातं) पॅरेंटिंग पेमेंट सिंगल (पीपीएस, एकट्या पालकाचा भत्ता) मिळतं आणि लेक शाळेत असते त्या वेळात आठवड्यातून दोन दिवस एका दुकानात काम करते. पुण्याचं बी.कॉम. आहे, पण इथे त्यावर गल्ल्यावर बसण्यापलीकडे काही जमलं नाही.

टेफमध्ये (सरकारी व्यवसाय-शिक्षण कॉलेज) डिप्लोमा ऑफ नर्सिंग करायचं मनात आहे. व्हिक्टोरियात तो फ्री टेफच्या यादीत असल्यामुळे फीचा प्रश्न नाही. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. एक मैत्रीण म्हणाली, "शिकायला लागलीस की पॅरेंटिंग पेमेंट बंद. मग विद्यार्थ्यांचं ऑस्टडी घ्यायचं, आणि ते कमी असतं." दुसरी म्हणाली, "उलट वर जादा पैसे मिळतात." दोघीही तितक्याच ठामपणे सांगतात. यातलं खरं काय?

आणखी एक. हे विचारतानाही मला कसंसंच होतंय. आईला अजून सांगितलेलं नाही की सरकारकडून पैसे येतात. ती दर रविवारी फोनवर विचारते, "घर कसं चालतं गं?" मी म्हणते, "चालतं."

पॅरामॅटाकर

तुझी दुसरी मैत्रीण बरोबर. पहिलीचा गोंधळ का होतो तेही सांगतो, कारण तो पुष्कळांचा होतो.

सेंटरलिंकच्या पैशांत दोन जाती आहेत. एक, ज्यावर घर चालतं ते मूळ पेमेंट: पॅरेंटिंग पेमेंट, केअरर पेमेंट (घरच्या आजारी-अपंग माणसाची काळजी घेणाऱ्यांचं), डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शन (अपंगत्वाचं), जॉबसीकर (बेरोजगारांचं), ऑस्टडी वगैरे. यातलं एका वेळी एकच घेता येतं. ऑस्टडी हे पंचवीस वर्षांवरच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांचं मूळ पेमेंट आहे. म्हणून मैत्रिणीला वाटलं की विद्यार्थी झालं की तिकडे जावंच लागतं. तसं काही नाही. तू आहेस तिथेच राहा, कारण एकट्या पालकाचं पेमेंट ऑस्टडीपेक्षा जास्त आहे आणि त्याच्यासोबत पेन्शनर कन्सेशन कार्ड येतं. ते कार्ड सुखासुखी सोडू नकोस. औषधाच्या एका चिठ्ठीला जास्तीत जास्त ७.७० डॉलर, मायकीचं (बस-ट्रेनचं) तिकीट निम्म्यात, बिलांत सूट. ऑस्टडीत हे कार्ड नाही.

दुसरी जात म्हणजे मूळ पेमेंटवर चढवलेली वरकड. त्यात तुझ्या कामाचे दोन भत्ते आहेत.

पहिला पेन्शनर एज्युकेशन सप्लिमेंट. पूर्णवेळ अभ्यासाच्या निम्मा किंवा त्याहून जास्त भार घेतलास तर पंधरवड्याला ६२.४० डॉलर, पाव ते निम्मा भार असेल तर ३१.२०. दुसरा एज्युकेशन एंट्री पेमेंट, वर्षातून एकदा २०८ डॉलर, पुस्तकं-बूट-बॅगेसाठी. दोन्ही एकत्र मिळतात, पण आपोआप येत नाहीत. मायगव्ह या सरकारी वेबसाइटवरून वेगळा अर्ज करावा लागतो. नावनोंदणीचं पत्र हाताशी ठेव.

"पेन्शनर" या शब्दावर जाऊ नकोस. आपल्याला पेन्शनर म्हटलं की पोस्टाच्या रांगेत छत्री घेऊन उभे असलेले तात्या दिसतात. गंमत अशी की माझ्यासारख्या वृद्धापकाळाच्या पेन्शनवाल्याला हा भत्ता मिळतच नाही. मी गेल्या वर्षी युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एजमध्ये इटालियन शिकायला जात होतो, बायको म्हणाली विचारून तर बघा. मी म्हटलं, नियम मला पाठ आहेत, उगाच हसं नको.

खारीबिस्कीट

काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त भागाकार करून दाखवते. ६२.४० भागिले १४, म्हणजे रोजचे साडेचार डॉलर. मेलबर्नमध्ये एवढ्यात धड कॉफी येत नाही. वर्षाचे झाले १,६२२.४०, म्हणजे गाडीचा रेगो (नोंदणीची फी) आणि टायर. चिमणीताई, घ्या जरूर, पण याच्या भरवशावर दुकानाचं काम सोडू नका.

(मीपण पीपीएसवर शिकले. जिलॉंग. अर्ली चाइल्डहूडची पदवी. आता नोकरी करते.)

पॅरामॅटाकर

खारी, तुझ्या भागाकारावर माझी एक जुनी तक्रार. इथली पेन्शनं मार्च आणि सप्टेंबरमध्ये महागाईप्रमाणे वाढतात. हा शिक्षण भत्ता त्या यंत्रणेला जोडलेलाच नाही. ६२.४० हा आकडा वीस वर्षांहून जास्त काळ तसाच बसलाय. २०८ डॉलरचंही तेच. भाडं कुठल्या कुठे गेलं, दूध गेलं, हा मात्र देवळातल्या नंदीसारखा जागचा हलत नाही.

आणि आहे तोही काढून टाकायला निघाले होते. २०१४च्या बजेटमध्ये जो हॉकी अर्थमंत्री असताना दोन्ही भत्ते बंद करायचा प्रस्ताव होता. सिनेटमध्ये अडला, नंतर पुन्हा आला, पुन्हा अडला. म्हणून वाचला. वाढवायला मात्र कोणी आलं नाही. बंद होता होता राहिलेली गोष्ट वाढवा म्हणायला जीभ रेटत नसावी.

कोथरूड_ते_कोबर्ग

कोणाला राग येईल, पण बोलतोच. मी तेरा वर्षं इथे टॅक्स भरतोय. आलो तेव्हा रात्री टॅक्सी चालवून शिकलो, कोणी साडेचार डॉलर दिले नाहीत. मूळ पेमेंट आहे, फी माफ आहे, कार्ड आहे, आणि त्यावर शिकण्याबद्दल बक्षीसही? मग काम करणाऱ्यांनी काय घोडं मारलंय?

धागाकर्तीबद्दल वैयक्तिक काही नाही.

खारीबिस्कीट

"वैयक्तिक काही नाही" असं लिहावं लागलं म्हणजे असतंच. दिवे घ्या.

पॅरामॅटाकर

कोथरूडकर, राग नाही. हिशोब सांगतो, मी आयुष्यभर तेवढंच केलं.

ती पाच वर्षं दुकानात दोन दिवस काम करत राहिली तर पाचही वर्षं सरकार तिला पेमेंट देत राहणार. दोन-तीन वर्षांत नर्स झाली तर पेमेंट बंद होईल आणि तुमच्यासारखाच तिचाही टॅक्स कापला जाईल. मधल्या काळात सरकारचा जादा खर्च वर्षाला सोळाशे आणि दोनशे. यात तुम्हाला बक्षीस कुठे दिसलं?

दुसरं, एकट्या आईला पैसे देणं ही कालपरवाची खैरात नाही. १९७३मध्ये व्हिटलम सरकारने सपोर्टिंग मदर्स बेनिफिट सुरू केलं. त्याआधी विधवेला पेन्शन होतं, पण लग्न न करता आई झालेली बाई त्यात बसत नव्हती. १९७७मध्ये एकट्या बापांनाही घेतलं. त्यानंतर रस्सीखेच आहे ती मुलाच्या वयावरून. २००६मध्ये हॉवर्ड सरकारने सर्वांत धाकटं मूल आठ वर्षांचं झालं की आईला बेरोजगार भत्त्यावर ढकलायचं ठरवलं. जुन्या लोकांना सूट होती. २०१३च्या १ जानेवारीपासून गिलार्ड सरकारने तीही काढली. २० सप्टेंबर २०२३ला मर्यादा वाढून चौदा झाली. आत्ताचे पंतप्रधान अल्बनीझी स्वतः सिडनीच्या कॅम्परडाउनमध्ये सरकारी घरात वाढले. आई एकटी, अपंगत्वाच्या पेन्शनवर. ते हे जाहीरपणे सांगतात.

चिमणी, २०२३च्या आधी विचारलं असतंस तर "लेक आठची झाली, तू जॉबसीकरवर" असं उत्तर मिळालं असतं.

टारनीटची_चिमणी

हे मला माहीतच नव्हतं. मी आपलं समजत होते की पहिल्यापासून चौदाच असणार.

कोथरूडकरदादा, तुमचा राग मला कळतो. वेगळी व्हायच्या आधी मीही असंच बोलायचे.

मोगरा_ब्रिस्बेन

इथे केअरर पेमेंटवाले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहिते.

माझा मुलगा अकरा वर्षांचा, ऑटिझम, बोलत नाही. मी केअरर पेमेंटवर आहे. या पेमेंटला एक विचित्र अट होती. आठवड्याला पंचवीस तासांच्या वर नोकरी, शिक्षण, स्वयंसेवा काही करायचं नाही, आणि जाण्यायेण्याचा वेळसुद्धा त्यात धरायचा. मी एका सर्टिफिकेट कोर्सला जात होते तेव्हा वहीत मिनिटं लिहायचे. बस उशिरा आली की काळजी. मुलाला उशीर होतोय ही एक, आणि माझे तास भरतायत ही दुसरी.

२० मार्च २०२५पासून ते बदललं. आता चार आठवड्यांत मिळून शंभर तास, आणि त्यात फक्त पगारी काम मोजतात. शिक्षण, स्वयंसेवा, प्रवास मोजत नाहीत. म्हणजे एका आठवड्यात तीस तास काम झालं तर पुढच्या आठवड्यात कमी करून जमवता येतं, आणि कॉलेजला कितीही वेळ जा. त्यावर काकांनी सांगितलेला शिक्षण भत्ताही मिळतो.

माझ्या ओळखीच्या तिघीजणी अजून जुन्याच नियमाच्या भीतीने घरी बसल्या आहेत. त्यातल्या एकीला मी परवा चहाला बोलावून सांगितलं. तिने फोन काढून स्वतः वाचलं, मगच विश्वास बसला.

दोन_चाकं_ॲडलेड

मी डीएसपीवर आहे. (पोलिसातला डीएसपी नव्हे. आजोबांना हे समजवायला मला एक दिवाळी लागली.) डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शन. लहानपणीच इथे आलो, त्यामुळे दहा वर्षं वास्तव्याची अट अडली नाही. नव्याने आलेल्यांनी ती लक्षात ठेवा. पीआर मिळाली आणि दुसऱ्या वर्षी डीएसपी, असं सहसा होत नाही.

माझ्या घरी भीती वेगळी होती. "कॉलेजला गेलास तर ते म्हणतील, हा शिकू शकतो म्हणजे काम करू शकतो, पेन्शन बंद." चुलत्याने तर "निदान त्यांना सांगू नकोस" असाही सल्ला दिला. सांगायचं असतंच, बदल झाला की चौदा दिवसांच्या आत. आणि शिकतो म्हणून डीएसपी बंद होत नाही. कामाला मर्यादा आहे, आठवड्याला तीस तासांच्या आत. अभ्यासाला तशी नाही.

मी एका सत्रात एकच विषय घेतो. पूर्ण भार चार विषयांचा असतो, म्हणजे माझा पाव भार. भत्त्यासाठी पाव ही खालची हद्द आहे, त्यामुळे एक विषय घेतला तरी भत्ता चालू राहतो. चोवीस विषयांची पदवी, वर्षाला दोन. म्हणजे बारा वर्षं, जवळजवळ अडीच पंचवार्षिक योजना. चौथं वर्ष चालू आहे. घाई नाही.

वऱ्हाडी_ठेचा

मी अकोल्याची. तुमच्या त्या डॉलरमधलं मला काही कळत नाही, पण चिमणीने आईबद्दल लिहिलं म्हणून लिहिते.

माझ्या मावशीला संजय गांधी निराधारचे पैसे मिळतात. महिन्याला पंधराशे. त्याला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. घटस्फोटित, परित्यक्ता बायका त्यात बसतात. पण पहा ना, योजनेचं नावच "निराधार". मावशी शिवणकाम शिकली, अंगणवाडीत मदतनीस झाली, दोन पोरी शिकवल्या. तिच्या आधारावर पाच माणसं उभी आहेत, आणि कागदावर ती निराधार. शिवाय त्या योजनेत बाईने पुढे शिकावं म्हणून वेगळा एक रुपया नाही. तुमच्याकडे तो आहे, भलेही कॉफीइतका.

चिमणे, आईला सांगून टाक. तिला बाकी सगळं समजतं.

टारनीटची_चिमणी

ठेचाताई, रडवलंत.

आता एक व्यवहाराचा प्रश्न. टेफवाले म्हणतात पूर्णवेळ करा, साधारण दीड-दोन वर्षं लागतील. मला वाटतं अर्धा भार घ्यावा, म्हणजे लेकीकडे बघता येईल आणि दुकानही चालेल. भत्ता तर अर्ध्या भारालाही पूर्णच मिळतो ना?

खारीबिस्कीट

मिळतो. पण थांब. तू फक्त भत्त्याचं गणित करते आहेस, मुख्य गणित मुलीच्या वयाचं आहे.

ती आज नऊ, चौदाव्या वाढदिवसाला पीपीएस बंद. म्हणजे हातात पाच वर्षं. अर्ध्या भाराने डिप्लोमा करशील तर तीन ते चार वर्षं त्यातच जातील. मग एनरोल्ड नर्स म्हणून नोकरी लागेल, छान. पण पुढे रजिस्टर्ड नर्सची पदवी करायची इच्छा झाली तर पीपीएस संपलेलं असेल. पूर्ण भाराने केलंस तर दोन वर्षांत डिप्लोमा, त्याच्या जोरावर पदवीत काही विषयांची सूट मागायची, आणि पदवीही बहुतेक लेक चौदाची व्हायच्या आत. माझ्या वेळी मुलगा आठचा होईपर्यंतच मुदत होती. मी अर्ध्या भाराने सुरुवात केली आणि शेवटचं दीड वर्ष जॉबसीकरवर काढलं. ते दिवस आठवले की अजून रात्री हिशोबाची वही उघडावीशी वाटते.

दुसरी चूक माझीच, सांगून ठेवते. एका सत्रात दोन विषय होते, आईच्या आजारपणामुळे सेन्सस डेटच्या (फी न लागता विषय सोडायची शेवटची तारीख) आधी एक सोडला. फीचं कर्ज चढलं नाही म्हणून खूश. पण भार निम्म्याचा पाव झाला हे डोक्यातच आलं नाही, आणि मी कळवलं नाही. सहा पंधरवडे ६२.४०च येत राहिले, हक्क होता ३१.२०चा. १८७.२० डॉलर परत करावे लागले. रक्कम फार नाही, पण ते "डेट" (कर्ज) असं लिहिलेलं पत्र आलं तेव्हा पोटात गोळा आला. विषय सोडला की त्याच दिवशी मायगव्हमध्ये जाऊन बदल टाकायचा. फ्रिजवर लिहून ठेव.

पॅरामॅटाकर

खारीच्या पोटातला गोळा समजू शकतो. रोबोडेट या सरकारी वसुली योजनेची सावली आहे ती. त्या योजनेत टॅक्स खात्याकडची वर्षाची कमाई घेऊन सरसकट सव्वीस पंधरवड्यांत वाटली आणि लोकांवर कर्ज दाखवलं. ज्याने चार महिनेच काम केलं त्याने वर्षभर केल्यासारखं दिसलं. ते बेकायदा ठरलं. कॅथरीन होम्स यांच्या रॉयल कमिशनचा अहवाल जुलै २०२३मध्ये आला. वाचण्यासारखा आहे, पण झोपण्यापूर्वी नको.

चिमणी, तुझ्यासाठी यातून एवढंच: दुकानाच्या पगाराच्या स्लिपा जपून ठेव. डिसेंबर २०२०पासून कमाई काम केलं त्या दिवसाची नाही, पगार हातात पडला त्या पंधरवड्याची कळवायची असते. टॅक्स कापायच्या आधीची रक्कम. ठराविक मर्यादेनंतर प्रत्येक जादा डॉलरमागे पीपीएसमधून ४० सेंट कमी होतात, म्हणजे काम करून तोटा कधीच होत नाही. शिक्षण भत्ता त्या कात्रीत येत नाही.

गुपचूप_वाचक

प्रश्न विचारू का? मी ४८५ व्हिसावर (शिक्षणानंतरचा तात्पुरता) आहे, नुकतंच मास्टर्स झालं. लहान बाळ आहे, नवरा भारतात परत गेला. मला यातलं काही...?

पॅरामॅटाकर

४८५वर पॅरेंटिंग पेमेंट मिळत नाही, ताई, आणि त्यामुळे त्यावरचा भत्ताही नाही. खोटी आशा दाखवत नाही. पुढे पीआर झाली तर नव्याने आलेल्यांना मूळ पेमेंटसाठी चार वर्षं थांबावं लागतं. चिमणीला थांबावं लागलं नाही, कारण ती पीआर झाल्यानंतर एकटी पालक झाली. त्याला सूट आहे. तुमचा क्रम उलटा आहे, म्हणून व्हिसाचा सल्ला आधी नोंदणीकृत मायग्रेशन एजंटकडून घ्या, फेसबुकवरच्या काकांकडून नको. माझ्याकडूनही नको.

मोगरा_ब्रिस्बेन

गुपचूप, तुला निरोप पाठवला आहे. बघ.

कोथरूड_ते_कोबर्ग

मत बदललेलं नाही, आधीच सांगतो. पण बायको रजिस्टर्ड नर्स आहे. तिने माझ्या खांद्यावरून हा धागा वाचला आणि मला दोन शब्द ऐकवले. नंतर म्हणाली, एवढं तरी लिही:

१. डिप्लोमानंतर नोंदणीच्या वेळी इंग्रजीचा पुरावा मागतात. शाळा भारतात झालेली असेल तर इथल्या दोन वर्षांच्या डिप्लोम्यावर भागेलच असं धरू नका. परीक्षा द्यावी लागणार का ते आत्ताच बघून ठेवा, शेवटच्या महिन्यात नको.

२. प्लेसमेंटच्या (हॉस्पिटलातल्या सरावाच्या) आधी लसींचे दाखले, पोलीस चेक, वर्किंग विथ चिल्ड्रन चेक लागतो. भारतातले लसीचे कागद सापडत नाहीत. रक्त तपासून घ्यावं लागतं आणि हिपॅटायटिस बीचे डोस राहिलेले निघाले तर त्यात महिने जातात. कोर्स सुरू होताच जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जा.

३. प्लेसमेंटचे आठवडे बिनपगारी असतात आणि दुकानाचं काम तेव्हा जमत नाही. १ जुलै २०२५पासून त्यासाठी कॉमनवेल्थ प्रॅक पेमेंट सुरू झालंय, आठवड्याला तीनशेच्या वर. डिप्लोमा ऑफ नर्सिंगवाल्यांनाही आहे. ते कसं मागायचं ते कॉलेजला विचारा.

तिसरा मुद्दा लिहिताना मला त्रास झाला, पण लिहिला.

खारीबिस्कीट

वहिनींना साष्टांग नमस्कार. तुम्हालाही, अर्धा.

दोन_चाकं_ॲडलेड

अर्ध्या नमस्काराला ३१.२० मिळतात.

मोगरा_ब्रिस्बेन

😂

चिमणी, प्लेसमेंटची पाळी सकाळी सातला सुरू होते. लेकीचं काय करशील? शाळेआधीच्या केंद्रात ठेवणार असशील तर ॲडिशनल चाइल्ड केअर सबसिडीत "ट्रान्झिशन टू वर्क" असा प्रकार आहे. शिकणाऱ्या, मूळ पेमेंटवरच्या पालकांसाठी. फीच्या ९५ टक्क्यांपर्यंत मिळतं, पण सरकारने ठरवलेल्या ताशी दराच्या आत. केंद्राचा दर त्याच्या वर असेल तर वरचा फरक खिशातून. शिक्षण भत्त्याच्या मागे लागून लोक हे विसरतात. 

टारनीटची_चिमणी

मी वही घेऊन बसले आहे. पाचवं पान चालू आहे.

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. डिसेंबरमध्ये भावाचं लग्न आहे, पुण्याला. पीपीएस असताना किती दिवस जाऊ शकते?

पॅरामॅटाकर

कारण काहीही असो, सहा आठवडे. निघण्याच्या दिवसापासून मोज. बेचाळीसचे त्रेचाळीस होऊ देऊ नकोस. आपल्याकडच्या लग्नात सत्यनारायण, गोंधळ, मांडव परतणी करता करता दिवस वाढतात. तिकीट काढताना परतीची तारीख आधी ठरव, मुहूर्त मग.

फोन करायचा असेल आणि इंग्रजीत अडखळायला होत असेल तर १३१ २०२ ही सेंटरलिंकची बहुभाषिक ओळ आहे, दुभाषा मागता येतो. माझ्या बायकोने एकदा मराठी दुभाषा मागितला होता. तो निघाला सोलापूरचा. दहा मिनिटं शेंगदाण्याच्या चटणीवर गेली.

टारनीटची_चिमणी (नऊ आठवड्यांनी)

धागा वर काढते आहे, क्षमस्व.

प्रवेश झाला. पूर्ण भार घेतला. खारीताई, तुमच्या वयाच्या गणितामुळे. दोन दिवसांऐवजी आता दुकानात फक्त शनिवार. एंट्री पेमेंटचे २०८ आले. त्यातून काळे बूट घेतले, दिवसभर उभं राहता येतील असे, आणि स्टेथोस्कोप. उरलेल्यातून लेकीला डोसा. पंधरवड्याचे ६२.४० पण सुरू झाले. हिपॅटायटिस बीचे डोस खरंच राहिलेले निघाले. वहिनींचे उपकार.

आईला सांगितलं. लांबलचक भाषण तयार ठेवलं होतं. तिने ऐकलं, आणि विचारलं, "म्हणजे तू शिकलेली त्यांना हवी आहेस?" मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. मग म्हणाली, "आणि रात्रपाळी असेल का?"

तर प्रश्न असा: प्लेसमेंट सनशाइनला लागली आहे, सकाळी सात. टारनीटहून सहाच्या सुमारास त्या बाजूला गाडीने जाणारं कोणी आहे का इथे? पेट्रोल वाटून घेऊ.

कोथरूड_ते_कोबर्ग

बायको तिथेच जाते. पण आम्ही कोबर्गला, उलट्या दिशेला. तिच्या वॉर्डातली एक केरळी नर्स टारनीटची आहे. नंबर विचारून निरोपात पाठवतो.